सोलर प्लेटेवरचे शुल्क: तिजोरी कोणाची, खिसा कोणाचा?

सोलर पॅनलवरच्या आयात शुल्काचा विषय निघाला की आपल्या तरुण कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चीनचा माल अडवा, देशी कारखाने उभे राहू द्या, रोजगार इथेच राहील. दुसरा म्हणतो, शुल्क काढून टाका, पॅनल स्वस्त होतील, गरिबाच्या घरावरही सोलर लागेल. दोन्ही तटांतली मुले प्रामाणिक आहेत. पण हे मुद्दे आले कुठून? पहिला मुद्दा पॅनल बनवणाऱ्या कंपन्यांच्या निवेदनांतला आहे. दुसरा पॅनल विकत घेऊन मोठमोठे सोलर प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांच्या निवेदनांतला. भांडण दोन शेठजींचे आहे आणि आपली पोरं दोघांची फुकट वकिली करत आहेत.

आपला प्रश्न तिसरा असला पाहिजे. तो मांडण्याआधी शुल्काचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण त्याशिवाय बोलणे हवेत जाते.

२०१४ मध्ये अमेरिका, चीन, मलेशिया आणि तैवानमधून येणाऱ्या सोलर सेलवर अँटी-डंपिंग शुल्क लावण्याची शिफारस झाली होती. सरकारने ती अमलात आणली नाही, मुदत संपू दिली. जुलै २०१८ मध्ये २५ टक्के सेफगार्ड शुल्क लागले. ते टप्प्याटप्प्याने उतरत जुलै २०२१ मध्ये संपले. मग १ एप्रिल २०२२ पासून पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के मूळ सीमाशुल्क आले. सेल म्हणजे उन्हापासून वीज तयार करणारी ती पातळ चकती. अशा चकत्या जोडून, काच आणि चौकट लावून पॅनल तयार होते, ज्याला आपल्याकडे सगळे प्लेट म्हणतात. शुल्काच्या जोडीला दुसरी भिंतही आहे. सरकारने मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांची यादी केली आहे, 'एएलएमएम' या नावाने ती ओळखली जाते. सरकारी मदतीच्या प्रकल्पात या यादीतलेच पॅनल चालते, आणि यादीत परदेशी कारखान्याला जागा मिळालेली नाही. १ जून २०२६ पासून सेललाही असाच यादीचा नियम लावायचे ठरले. शिवाय देशी कारखान्यांसाठी उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहन, म्हणजे पीएलआय: आधी ४,५०० कोटी, मग १९,५०० कोटी. एकूण २४,००० कोटी रुपये.

एवढे संरक्षण मिळाल्यावर कारखाने वाढणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतल्या पॅनल कारखान्यांची क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. पण सेलची क्षमता त्याच्या जवळपासही नाही. सेलच्या मागची वेफरची पायरी तर नावापुरती. बरेच 'देशी' पॅनल म्हणजे बाहेरून आलेल्या चकत्या इथे जोडून तयार केलेला माल. आत्मनिर्भरतेच्या जाहिरातीत हे लिहिलेले नसते.

आता तिसरा प्रश्न. बाबासाहेबांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्यातले बरेच जण त्याचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संदर्भात घेतात आणि तिथेच थांबतात. त्यातला एक युक्तिवाद आजच्या या वादाला थेट लागू पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदीचा भाव पडला, त्याबरोबर रुपया पडला. निर्यातदार आणि गिरणीमालक म्हणत होते, छान झाले, आपला माल बाहेर स्वस्त पडतो, व्यापार वाढतो, देशाचा फायदा आहे. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? त्यांनी दाखवले की रुपया पडला की वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत चढते. मधल्या काळात मजुराच्या पोटातून जे कमी होते तेच मालकाच्या नफ्यात जमा होते. देशाच्या हाती नवे काही आलेले नसते, एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेले असते.

हीच फूटपट्टी सोलरवरच्या शुल्काला लावा. शुल्क दोन वाटांनी वसूल होते. बाहेरून आलेल्या प्लेटेवर सरकार शुल्क घेते, तो पैसा तिजोरीत जातो, त्याचा हिशेब अर्थसंकल्पात दिसतो. पण बाहेरच्या मालावर भिंत उभी राहिली की देशी कारखानदारही आपला भाव त्या भिंतीच्या उंचीपर्यंत चढवू शकतो. समजा बाहेरची प्लेट १०० रुपयांची, शुल्कासह १४० ची झाली. देशी कारखान्याचा खर्च १२० असेल तरी तो १३५ ला विकेल. हे वरचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून निघतात आणि थेट कंपनीच्या खात्यात जातात. ना त्याची पावती, ना त्याचे ऑडिट, ना विधिमंडळात प्रश्न. खरे तर तोही करच आहे. फरक एवढाच की तो वसूल करण्याचा परवाना खाजगी कंपनीला दिलेला आहे.

आणि प्रकल्पवाल्या कंपन्या, ज्या शुल्काविरुद्ध गळा काढतात, त्यांचे काय? २०१८ चे शुल्क लागले तेव्हा त्या ओडिशा उच्च न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. पण वीज विकण्याच्या करारांत 'कायद्यात बदल' नावाचे कलम असते. करार झाल्यावर नवे शुल्क लागले तर वाढलेला खर्च वीज घेणाऱ्या कंपनीकडून वसूल करता येतो. आपल्याकडे वीज घेणारी कंपनी म्हणजे महावितरण. महावितरणचा खर्च कुठे उतरतो, हे लाईट बिल भरणाऱ्या कोणाही माणसाला सांगायला नको.

आणि शुल्क कमी होते तेव्हा स्वस्त सोलरचा फायदा कोणाला झाला? डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सोलर विजेचा भाव युनिटला १.९९ रुपयांपर्यंत खाली आला होता. तेव्हा सेफगार्ड शुल्क १५ टक्क्यांच्या आत होते. त्या काळात तुमच्या घरचे बिल उतरल्याचे आठवते का? म्हणून नुसते 'शुल्क काढा' म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे की काढल्यावरचा फायदा गरिबाच्या मीटरपर्यंत पोचवणारा पाइप कुठे आहे?

हे सगळे वणीत बसून लिहायचे कारण आहे. वणी म्हणजे कोळसा. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी या खाणींचा कोळसा जाळून शहरांचे दिवे लागतात. आपल्या वाट्याला घुग्गुस रस्त्यावरचे ट्रक, वेचणीला आलेल्या कापसावर बसलेली काळी धूळ आणि पोरांचा खोकला येतो. पण त्याच कोळशाने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, जी बाहेरच्यांना दिसत नाही. वेकोलि ही सार्वजनिक कंपनी आहे. तिथल्या कायम नोकरीत आरक्षण आहे, वेतन करार आहे, क्वार्टर आहे, दवाखाना आहे. राजूर कॉलरीसारख्या ठिकाणी एका पिढीने खाणीत घाम गाळला म्हणून पुढची पिढी कॉलेजात गेली. आता ठेकेदारीने त्यालाही पोखरले आहे, तो वेगळा विषय. तरी पाया सार्वजनिक आहे आणि तिथे आरक्षणाचा हक्क सांगता येतो.

सोलरमध्ये नेमका हाच पाया नाही. वीज कोळशाकडून उन्हाकडे सरकते आहे, आणि ती सरकली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खाणीशेजारी राहणाऱ्याला धुराचे प्रेम नसते. पण ती सरकताना सार्वजनिक मालकीतून खाजगी मालकीत जाते, आरक्षणातून बिगर-आरक्षणात जाते. आणि या स्थलांतराचा खर्च शुल्क, यादी आणि पीएलआय या मार्गांनी आपल्याच खिशातून भागवला जातो. वणीच्या बौद्ध, मातंग, गोंड, कोलाम मजुराच्या दृष्टीने या वादातला जळता मुद्दा हा आहे. चीन विरुद्ध भारत ही त्यानंतरची गोष्ट.

कोणी म्हणेल, सोलर हे नवे क्षेत्र, त्यात सरकारी कंपनी काय करणार? माहिती करून घ्या. भारतातला पहिला सोलर सेल १९७७ मध्ये बनवला तो साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने, आणि पुढच्या वर्षी पहिले पॅनलही तिनेच. ही भारत सरकारची कंपनी. नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे सोलर कारखान्यांसाठी प्रोत्साहनाच्या योजना जाहीर होत होत्या त्याच वर्षी, सरकारने ही कंपनी २१० कोटी रुपयांना एका खाजगी फर्मला विकायचे ठरवले. कर्मचारी संघटना कोर्टात गेली, आरडाओरडा झाला, तेव्हा व्यवहार थांबला आणि २०२२ मध्ये रद्द झाला. एका हाताने खाजगी कारखान्यांना २४,००० कोटी, आणि ज्या सरकारी कारखान्याने या देशात पहिला सेल बनवला तो २१० कोटींत विकायला काढायचा. संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे का मांडले, हे समजायला याहून ताजे उदाहरण नको.

आता गरिबाच्या छपराकडे या. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान, तीन किलोवॅटला ७८,०००. अनुदान हवे तर देशी सेलचेच पॅनल लावावे लागते. २०२५ मध्ये राज्य सरकारने महिन्याला १०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्यांसाठी 'स्मार्ट' नावाची भर टाकली. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरला, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १५,०००; स्वतःचे ५,००० भरायचे. कागदावर चांगली योजना आहे, उगाच नावे ठेवणार नाही. पण एक किलोवॅट म्हणजे १,००० वॅट. देशी सेलची प्लेट वॅटमागे ५ रुपयांनी महाग पडली तर ५,००० रुपये झाले, म्हणजे त्या कुटुंबाच्या पूर्ण वाट्याइतके. मजूर बाईने बचत गटातून उचललेले पाच हजार आणि संरक्षणाच्या भिंतीमुळे कारखान्याला मिळालेले पाच हजार सारखेच! अनुदान आपल्या नावाने निघते, त्यातला एक हिस्सा कारखान्याच्या दारात उतरतो, आणि वर्तमानपत्रात फोटो लाभार्थ्याचा छापला जातो.

आणि हेही त्यालाच मिळते ज्याच्याकडे स्वतःचे घर, प्लेट पेलणारे छप्पर आणि स्वतःच्या नावाचे वीजमीटर आहे. नझुलच्या जागेवर टिनाच्या खोलीत राहणारा, शेजाऱ्याच्या मीटरवरून लाईन घेतलेला माणूस पहिल्याच रकान्यात बाद होतो. सौर कृषी पंपाचेही तसेच. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के भरायचे, इतरांना १० टक्के. पण पंपाला आधी शेत लागते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीखालच्या जमिनीपैकी अनुसूचित जातींकडे जेमतेम ८.६ टक्के. ज्याला जमीनच नाही त्याला ५ टक्के काय आणि १० टक्के काय.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर ई-क्लासचे बोलू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे, दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने प्रकल्पाला जाते. ही सरकारी जमीन कोणती? अनेक गावांत तीच ई-क्लास, जिच्यावर भूमिहीन दलित-आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वहिती करतात. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनींसाठी होते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी कित्येकांच्या हाती अजून सातबारा नाही. प्लेट चीनची असो की गुजरातची, ती उभी राहते त्या जमिनीतून कोण उठतो ते पाहायला गावोगावी आपले लोक हवेत.

बरे, शुल्काचा जो भाग तिजोरीत जातो त्याचे तरी काय होते? फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात एक चलाखी झाली. पॅनलवरचे मूळ सीमाशुल्क ४० वरून २० टक्के केले. बातम्या आल्या, शुल्क निम्मे! पण त्याच वेळी २० टक्के 'कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर' लावला. सेलवर २० टक्के शुल्क आणि ७.५ टक्के उपकर. भार होता तिथेच राहिला. बदलला तो पैशाचा मालक. मूळ सीमाशुल्क केंद्र आणि राज्यांत वाटले जाते, राज्यांचा एकत्रित वाटा ४१ टक्के. उपकर वाटला जात नाही, तो पूर्ण केंद्राकडे राहतो. म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने कर लावून राज्याचा वाटा कापला. यावर मुंबईच्या विधानभवनात कोणी घसा कोरडा केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

उपकराच्या नावावर विश्वास ठेवायचा नसतो, हे वणीला माहीत असायला हवे. २०१० पासून कोळशाच्या प्रत्येक टनावर स्वच्छ ऊर्जा उपकर होता. आधी ५० रुपये, मग १००, २००, आणि २०१६ पासून ४००. आपल्या खाणींतून निघालेल्या प्रत्येक ट्रकने तो भरला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात देशभरातून ८६ हजार कोटींवर रक्कम जमा झाली. स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले गेले ३० हजार कोटींहून कमी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १६ हजार कोटी. उरलेला पैसा जीएसटीमुळे राज्यांचे झालेले नुकसान भरून काढायला वळवला. खाणीशेजारच्या गावात या उपकरातून एक सोलर दिवा लागला असेल तर दाखवा.

याच्या शेजारी बाबासाहेबांनी केलेले ठेवून बघा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणीत स्वतः उतरले, मजुरांची घरे पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश आला. कोळशावर उपकर बसवला, आणि तो पैसा मजुरांच्या घरांवर, पाण्यावर, दवाखान्यांवर, शिक्षणावर खर्च करायचा हे कायद्यातच बांधून टाकले. विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय या देशाची गरिबी हटवणारे औद्योगिकीकरण होणार नाही, अशी मांडणी त्यांनी केली आणि वीज खाजगी हाती असावी की सरकारी, हा सवाल उघडपणे टेबलावर ठेवला. ऐंशी वर्षांनंतर हा सवाल कोणी विचारतच नाही. सगळी चर्चा किती टक्के शुल्क यावर अडकली आहे.

मग शुल्क ठेवायचे की काढायचे? माझे मत स्पष्ट आहे: ठेवावे, पण बिनशर्त एक रुपयाचेही नाही. चीनचा माल स्वस्त आहे त्यामागे तिथल्या सरकारचा अफाट पैसा आहे आणि शिंजियांगमधल्या उइगुर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतल्याचे गंभीर आरोपही आहेत. वेठबिगारीविरुद्ध लढणाऱ्या चळवळीने त्या स्वस्ताईला भुलू नये. उपदेश करणारी अमेरिकाही धुतल्या तांदळाची नाही. आपल्या सोलर मिशनमधल्या देशी मालाच्या अटीविरुद्ध ती जागतिक व्यापार संघटनेत गेली, २०१६ मध्ये जिंकली. २०१९ मध्ये तिच्याच राज्यांच्या तशाच अटींविरुद्ध भारताच्या बाजूने निकाल लागला. संरक्षण सगळेच देतात. प्रश्न आहे अटींचा.

अटी घालता येत नाहीत, खाजगी कंपनीला आरक्षण सांगता येत नाही, असे लगेच म्हटले जाईल. का येत नाही? सेल कुठे जन्मला याचा दाखला सरकार मागतेच ना? महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रोत्साहनात ८० टक्के स्थानिकांना रोजगाराची अट आहेच. केंद्राच्या खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योजकांकडून करण्याचे बंधन २०१२ पासून आहे. नागपूरजवळ बुटीबोरीत सोलर कारखान्याच्या मोठमोठ्या घोषणा झाल्या. वणीपासून तो कारखाना काही फार लांब नाही. जी कंपनी भिंतीच्या आड राहून नफा कमावते, पीएलआयचा पैसा घेते, सवलतीत जमीन घेते, तिने नोकऱ्यांत प्रतिनिधित्व, कायम कामगाराचे वेतन आणि आमच्या आयटीआयच्या मुलांना शिकाऊ जागा दिल्याच पाहिजेत. जमत नसेल तर भिंत काढा, मग बघू किती दिवस टिकते.

आणि वेकोलिने कोळसा काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवर स्वतःच सोलर उभारावे, वेकोलिच्याच नोकरभरतीने. कोळशाची धूळ प्लेटांवर बसली की वीज कमी होते, त्या सारख्या धुवाव्या लागतात, म्हणजे वणीत तर माणसे जास्तच लागतील. ही मागणी मोर्च्यात यायला हवी.

पण मोर्च्याआधी कागद हवा. महावितरणच्या वणी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज टाका. तालुक्यात सूर्यघर, स्मार्ट आणि सौर पंप योजनांत किती अर्ज आले, त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती, बाद किती आणि कोणत्या कारणाने? बसवलेली प्लेट कोणत्या कंपनीची, कोणत्या भावाने, कोणत्या ठेकेदाराकडून? अनुसूचित जाती उपयोजनेतला किती पैसा यावर खर्च पडला? प्रत्येक योजनेसाठी वेगळा अर्ज करा, नाहीतर उत्तर एकाच ओळीत गुंडाळतात. फी १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही, फक्त दाखल्याची झेरॉक्स जोडायची.